क्लॅरिनेट, सरफोजी राजे आणि सुभेदार साहेब

वयाच्या ४४व्या वर्षी मी पहिल्यांदा क्लॅरिनेट तोंडाला लावलं, तेव्हा जो आवाज निघाला त्याने क्वार्टरमागच्या झाडावरची माकडं पळाली. पोस्टिंग होतं नीलगिरीत, वेलिंग्टनला. गुरू होते बँडचे सुभेदार साहेब. गाव त्रिचीजवळ, शिक्षण पचमढीच्या मिलिटरी म्युझिक विंगमध्ये. दिवसा ते मला सॅल्यूट करायचे, संध्याकाळी सहानंतर मी त्यांच्यासमोर ताठ बसायचो. पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "सर, इथे हुकूम चालत नाही, श्वास चालतो."

खडकवासल्याला तीन वर्षं बँडच्या तालावर पाय आपटले. अंतिम पग ओलांडतानाही बँड वाजत होता. पण त्यातला एकही वादक मला आठवत नाही. फौजेतल्या माणसाला बँड ऐकू येतो, वाजवणारा दिसत नाही.

हे वाद्य मुळात जर्मनीचं. न्यूरेंबर्गच्या योहान क्रिस्टोफ डेनर या कारागिराने १७००च्या सुमारास शालुमो नावाच्या साध्या पाव्यात सुधारणा करून ते घडवलं, असं मानतात. खरी किमया डाव्या अंगठ्याच्या कळीत आहे. बासरीत फुंकर वाढवली की 'सा'चा तार 'सा' होतो. क्लॅरिनेटची नळी सरळ आणि तोंडाकडून बंद, त्यामुळे ती कळ दाबली की 'सा'वरून थेट तार सप्तकातला पंचम निघतो. म्हणजे खालच्या पट्टीत पाठ झालेली बोटं वरच्या पट्टीत उपयोगाची नाहीत. विशीतल्या रंगरुटाला हे महिन्यात जमतं. मला पावसाळा पुरला नाही. पुढे पॅरिसमध्ये क्लोझे आणि ब्युफे यांनी या वाद्यावर सरकत्या कड्यांची रचना बसवली आणि १८४४मध्ये तिचं पेटंट घेतलं. जगात आज बहुतेक ठिकाणी तीच चालते.

एकदा साहेबांनी विचारलं, "सर, तुम्ही मराठे ना? मग हे आमच्याकडे तुमच्याच राजाने आणलं."

मी चाट पडलो. तंजावरचे भोसले राजे सरफोजी दुसरे १७९८ ते १८३२ गादीवर होते. श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याच्या देखरेखीखाली ते वाढले. सरस्वती महाल ग्रंथालय त्यांनी भरभराटीला आणलं आणि दरबारात युरोपीय वाद्यांचा बँड ठेवला. व्हायोलिन आणि क्लॅरिनेट कर्नाटक संगीतात आणण्याचं श्रेय त्यांच्या दरबाराला देतात. नृत्याच्या साथीला मुखवीणा असे, तिची जागा हळूहळू क्लॅरिनेटने घेतली. विसाव्या शतकात त्रिचीच्या ए. के. सी. नटराजन यांनी या परक्या लाकडातून नादस्वरासारखी गमकं काढली आणि २००८चा संगीत कलानिधी हा सन्मान मिळवला. साहेब त्यांचं नाव घेताना कानाला हात लावायचे. जर्मन वाद्य, मराठी राजा, तमिळ गुरू, आणि शिष्य पुन्हा मराठी!

दोन महिन्यांनी माझा उजवा अंगठा दुखू लागला, कारण वाद्याचा सगळा भार त्याच्यावर येतो. मी तक्रार केली. साहेबांनी स्वतःचा अंगठा पुढे केला, बोटभर जुना व्रण होता. म्हणाले, "हा क्लॅरिनेटचा नाही सर, स्ट्रेचरचा आहे."

लढाईत बँडवाल्यांनी वाद्यं ठेवून स्ट्रेचर उचलायचं, ही फौजेची जुनी रीत. साहेब १९९९मध्ये द्रासला तरुण शिपाई होते. वर हल्ला व्हायचा आणि हे रात्रभर जखमींना खाली आणायचे. "काही जण वाटेत बोलायचे," ते म्हणाले, "काही वाटेतच बोलायचे थांबायचे." एवढंच सांगून त्यांनी रीड ओठाने भिजवली आणि धडा सुरू केला. त्यानंतर मी अंगठ्याबद्दल बोललो नाही.

त्यांच्या निवृत्तीच्या दिवशी जेसीओ मेसमध्ये मी एक साधी धून वाजवली. तार पंचमावर सूर चिरकला. मी साहेब म्हणून सगळे जवान गंभीर चेहऱ्याने समोर बघत राहिले.

सुभेदार साहेब मात्र मनापासून हसले, आणि खुणेने म्हणाले, पुन्हा.