तळटीप : १५ ऑगस्टची उपासना
१५ ऑगस्टची उपासना ही चर्चमध्ये शिरलेली सरकारी प्रथा आहे, हा आक्षेप कोल्हापूरला तरी लागू पडत नाही. १८५२ साली इथे आलेल्या मिशनरी वाइल्डर यांचे काम १८७० मध्ये अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनकडे गेले आणि त्या पंथाची शिस्त १६४५ च्या वेस्टमिन्स्टर उपासना-मार्गदर्शिकेपर्यंत पोहोचते. तिने रविवारखेरीज सगळे सण, अगदी नाताळही, शास्त्राधार नाही म्हणून मोडीत काढले; मात्र राष्ट्रावरच्या संकटात उपवासाचे आणि सुटकेनंतर उपकारस्तुतीचे दिवस नेमण्याची मुभा ठेवली. म्हणजे या परंपरेत स्वातंत्र्यदिनाच्या उपकारस्तुतीला नाताळापेक्षा जुना आधार आहे! कॅथलिकांची गोष्ट निराळी. त्यांच्याकडे त्याच दिवशी मरियेच्या स्वर्गोन्नयनाचा सण असतो.

यावर कोणी म्हणेल, मग देशच देवाच्या जागी बसेल. ही भीती खोटी नाही. पण तीमथ्याच्या पहिल्या पत्रात राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना सांगितली आहे, राज्यकर्त्यांची नव्हे. म्हणून ध्वजवंदन आवारात व्हावे, वेदीपाशी नाही. आणि १५ ऑगस्ट रविवारी आला, जसा २०२१ मध्ये आला, तर प्रवचन पुनरुत्थित ख्रिस्ताचेच असावे, देशाचे नाव मध्यस्थीच्या प्रार्थनेत घ्यावे.