२०० वर्षांचा हिशोब, साडेतीन वर्षांत अपघात

एखादा प्रकल्प किती वर्षांनी दगा देईल, हे आधीच कागदावर मांडता येतं का? आजचा भाग त्यावर.

साल १९७५. एमआयटीचे प्राध्यापक नॉर्मन रासमुसेन यांच्या गटाने अमेरिकेतल्या अणुवीज प्रकल्पांच्या धोक्याचा मोठा अहवाल दिला. प्रत्येक पंप, व्हॉल्व्ह आणि माणूस चुकण्याची शक्यता धरायची, एका बिघाडातून दुसरा कसा फुटतो याच्या फांद्या काढायच्या आणि आकडे गुणत जायचं. उत्तर आलं: गाभा वितळण्याची शक्यता एका अणुभट्टीमागे वर्षाला साधारण २०,००० मध्ये १. म्हणजे १०० भट्ट्या असतील तर २०० वर्षांतून एकदा.

१९७८ मध्ये तपासणी समितीने सांगितलं की पद्धत चांगली आहे, पण आकड्यांवर दाखवलाय तेवढा भरवसा ठेवता येणार नाही.

आणि २८ मार्च १९७९ च्या पहाटे पेनसिल्व्हेनियात थ्री माइल आयलंडच्या २ नंबर भट्टीत मुख्य पाण्याचे पंप बंद पडले. राखीव पंप लगेच सुरू झाले, पण त्यांच्या दोन्ही लाइनचे व्हॉल्व्ह बंद होते! हे कळायला ८ मिनिटं गेली. तिकडे दाब सोडणारा व्हॉल्व्ह उघडा अडकला. पॅनलवरचा दिवा फक्त 'बंद हो' हा हुकूम गेल्याचं सांगत होता, व्हॉल्व्ह खरंच बंद झाला का ते नाही. भट्टीत पाणी जास्त झालंय असं वाटून ऑपरेटरांनी आणीबाणीचं पाणी कमी केलं. जवळपास निम्मा गाभा वितळला.

मग मॉडेल फेल? एका अपघातावरून तसं म्हणता येत नाही. गंमत म्हणजे मोठा पाइप फुटण्यापेक्षा छोटी गळती आणि माणसाची चूक जास्त धोक्याची, हे त्याच अहवालात होतं. १९७७ मध्ये ओहायोतल्या डेव्हिस-बेसी प्रकल्पात असाच व्हॉल्व्ह अडकलाही होता. वाट माहीत होती, पण तिच्यावर पहारा नव्हता. अपघातानंतर मात्र याच पद्धतीचा वापर वाढला.

मी सॉफ्टवेअरवाला, म्हणून मला दोन व्हॉल्व्हची गोष्ट जास्त लागते. हजारात एक गुणिले हजारात एक म्हणजे दहा लाखांत एक, हे दोघं एकमेकांपासून स्वतंत्र असतील तरच. दोन सर्व्हरवर एकच चुकीचं सेटिंग गेलं, की दोन्ही एकदमच झोपतात. त्यामुळे कुणी '९९.९९ टक्के' म्हणालं, तर आधी विचारा: यात स्वतंत्र काय काय धरलंय?

भेटू पुढच्या भागात!