मोटारसायकल अपघात नुकसानभरपाई (मुंबई)

मोटारसायकल अपघातातील जखमीला मोटार अपघात दावा न्यायाधिकरणामार्फत मिळणारी रक्कम. मोटार वाहन कायद्याच्या १९५६च्या दुरुस्तीने अशा न्यायाधिकरणांची तरतूद झाली. सध्या १९८८चा कायदा लागू आहे (पहा : मोटार वाहन कायदा). कलम १६६नुसार अर्जदाराच्या राहत्या ठिकाणीही दावा करता येतो. त्यामुळे कोकणात गावी जाताना जखमी झालेला लालबाग-परळचा रहिवासी मुंबईतच दाद मागू शकतो. चाकरमान्यांना ही सोय मोलाची. २०१९च्या दुरुस्तीने दाव्यास ६ महिन्यांची मुदत घातली. कलम १६४खाली, चूक सिद्ध न करता, गंभीर दुखापतीस ₹२,५०,००० मागता येतात. भरपाई ठरवताना अपंगत्वाच्या टक्केवारीपेक्षा कमाईची क्षमता किती घटली हे पाहावे, असे सर्वोच्च न्यायालयाने राजकुमार विरुद्ध अजयकुमार (२०१०) खटल्यात स्पष्ट केले : हात गमावलेल्या चालकाचे आणि कारकुनाचे नुकसान सारखे नसते (पहा : तृतीय पक्ष विमा).