देशात जन्मलेल्यांची डर्बी

डर्बी म्हटलं की मुंबईकरांना आठवतात त्या तऱ्हेतऱ्हेच्या टोप्या, सिनेनट आणि पैजा. पण ही शर्यत जन्माला आली ती घोड्यांच्या पैदाशीसाठी. १९४३ साली ती महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर पहिल्यांदा धावली तेव्हा तिचं नाव होतं ‘कंट्री ब्रेड डर्बी’, म्हणजे इथल्याच मातीत जन्मलेल्या घोड्यांची डर्बी.

मुंबईत शर्यती त्याआधी कितीतरी वर्षं चालू होत्या. त्या भरवणारा टर्फ क्लब १८०२चा. सुरुवातीला घोडे भायखळ्याच्या मैदानावर धावत, १८८३मध्ये महालक्ष्मीचं रेसकोर्स झालं. पण मान होता तो बाहेरून आलेल्या जनावरांना. इराणच्या आखातातून अरबी घोडे गलबतांनी मुंबईत उतरत, इंग्लंडहून थरोब्रेड येत. देशी पैदाशीचा घोडा दुय्यम. दुसऱ्या महायुद्धात समुद्रावरून घोडे आणणं मुश्कील झालं आणि त्याच काळात इथल्या पैदाशीसाठी इंग्लंडच्या धर्तीवर क्लासिक शर्यती बांधल्या गेल्या. त्यांतली सर्वांत मोठी ही डर्बी.

नमुना होता इंग्लंडमधल्या एप्समचा. तिथली डर्बी १७८०ची, आधी एक मैलाची, चार वर्षांनी दीड मैलाची झाली. आपलीही तेवढीच, २४०० मीटर. फरक वयाचा. तिकडे तीन वर्षांची घोडी-घोडे जूनमध्ये धावतात, इकडे चार वर्षांची फेब्रुवारीत. शर्यतींच्या हिशेबात घोड्याचं वय १ जानेवारीला एका वर्षाने वाढतं, म्हणजे आपली डर्बी धावणारी जनावरं महिना-सव्वा महिन्यापूर्वीपर्यंत तीनच वर्षांची असतात. पावसाळ्यात पुण्याच्या शर्यतींत तयार व्हायचं आणि हिवाळ्यात मुंबईत कस लावायचा, असा त्यांचा वर्षाचा क्रम.

पहिली डर्बी जिंकली ‘प्रिन्सेस ब्युटिफुल’ने. मालक बडोद्याचे महाराज प्रतापसिंहराव गायकवाड, जॉकी ऑस्ट्रेलियाचा एडगर ब्रिट. चार वर्षांनी याच महाराजांचा ‘सयाजीराव’ नावाचा घोडा इंग्लंडमध्ये सेंट लेजर ही क्लासिक शर्यत जिंकला, पाठीवर पुन्हा ब्रिटच. परदेशी घोड्यांवर वाटेल तेवढा पैसा ओतू शकणाऱ्या या मराठी राजघराण्याने देशी पैदाशीच्या पहिल्याच डर्बीतही आपला घोडा उतरवला, याचं मला मोल वाटतं. पुढे १९७७ची डर्बी ‘स्क्वाँडरर’ने मारली. हा इथलाच घोडा, १९ शर्यतींपैकी १८ जिंकलेला. देशी म्हणजे दुय्यम, हा समज अशा जनावरांनी मोडून काढला.

शर्यत संपते अडीच मिनिटांच्या आसपास. त्यामागे चार वर्षांची मेहनत असते आणि तिचा मोठा वाटा मोतद्दारांचा. पहाटे घोडा फिरवून आणणं, खरारा करणं, खूर साफ करणं, पायावर हात फिरवून कुठे गरम लागतं का ते बघणं, ही त्यांची रोजची कामं. पायातली सूज बहुधा आधी त्यांच्याच हाताला कळते. चषक मालकाच्या हाती जातो, छायाचित्र जॉकीचं निघतं.

२०२४मध्ये रेसकोर्सच्या जमिनीपैकी १२० एकर सार्वजनिक उद्यानासाठी आणि ९१ एकर क्लबकडे, असं ठरलं. उद्यान मुंबईला हवंच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण त्या ९१ एकरांत धावपट्टीइतकीच तबेल्यांची आणि मोतद्दारांच्या राहण्याचीही नीट सोय झाली पाहिजे. डर्बी बघायला गेलात तर शर्यतीआधी घोडे गोल फिरवतात तिथे जरूर जा, आणि लगाम धरून चालणाऱ्या माणसांकडेही बघा.