किल्ली कोणाच्या हाती? 'ऑथरायझेशन' हेडरचा इतिहास

ब्राउझरने एखादी खासगी गोष्ट मागितली की सर्व्हरला पहिला प्रश्न पडतो : मागणारा कोण? या प्रश्नाचे उत्तर विनंतीच्या माथ्यावरील एका ओळीतून जाते. तिचे नाव 'ऑथरायझेशन' हेडर. ही ओळ लिहिण्याचा अधिकार ब्राउझरकडून पानावरच्या जावास्क्रिप्टकडे कसा गेला आणि त्याची किंमत काय पडली, याचा हा धागा. 🧵

१९९१ मध्ये टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या संशोधनसंस्थेत घडवलेल्या एचटीटीपीत विनंती एका ओळीची होती : अमुक पान दे. हेडर नव्हते, ओळख विचारण्याची सोयही नव्हती. संशोधकांनी परस्परांचे कागद वाचायचे, तिथे पहारा कशाला?

पहारा कागदोपत्री आला तो मे १९९६ मध्ये, एचटीटीपी १.० चे वर्णन करणाऱ्या आरएफसी १९४५ या दस्तऐवजात. त्यातली 'बेसिक' पद्धत अशी : सर्व्हरने ४०१ हा आकडा पाठवून अडवायचे, ब्राउझरने नाव व पासवर्ड विचारून घ्यायचे, दोन्ही विसर्गचिन्हासारख्या दोन टिंबांनी जोडायचे, बेस६४ मध्ये लिहायचे आणि ऑथरायझेशन हेडरमधून धाडायचे. बेस६४ म्हणजे गुप्तलेखन नव्हे, नुसता लिपीबदल. कोणीही तो क्षणात उलगडतो. ही पद्धत सुरक्षित नाही, हे त्या दस्तऐवजानेच नोंदवले आहे. उदाहरण मात्र मजेदार आहे : वापरकर्ता अलादीन, पासवर्ड 'तिळा तिळा दार उघड'. अलीबाबाच्या गुहेचा मंत्र अलादीनच्या तोंडी कसा गेला, हे लेखकांनाच ठाऊक! नावाचाही घोळ आहेच. 'ऑथरायझेशन' म्हणजे अधिकार, पण या ओळीतून प्रत्यक्षात जाते ती ओळख.

या व्यवस्थेत एक गोष्ट महत्त्वाची होती. पासवर्ड विचारणारी चौकट ब्राउझरची, तो जपणाराही ब्राउझरच. पानावरच्या स्क्रिप्टला किल्ली दिसतही नसे. पण ती चौकट रुक्ष होती आणि तिच्यातून 'लॉग आउट' होण्याची नीट सोय नव्हती. बहुतेक संकेतस्थळे मग लू माँटुली यांनी १९९४ मध्ये नेटस्केपमध्ये आणलेल्या कुकीकडे वळली.

१९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोरर ५ बरोबर एक्सएमएलएचटीटीपीरिक्वेस्ट आले. पान न बदलता स्क्रिप्ट सर्व्हरशी बोलू लागली आणि हेडरही स्वतः लिहू लागली. धोका कुठे आहे, हे ऑक्टोबर २००५ मध्ये दिसले. सॅमी कामकार या तरुणाने मायस्पेसवरील आपल्या पानात स्क्रिप्ट दडवली. जो ते पान पाही, त्याच्या नावाने ती स्क्रिप्ट मैत्रीची विनंती पाठवी आणि त्याच्याही पानात स्वतःची प्रत ठेवी. एका दिवसाच्या आत दहा लाखांहून अधिक खाती बाधित झाली. कोणाचाही पासवर्ड चोरावा लागला नव्हता. पानात शिरलेली परकी स्क्रिप्ट ब्राउझरच्या लेखी घरचीच असते.

त्याच काळात अनेक सेवा 'तुमच्या मित्रांची यादी आणतो' म्हणून लोकांकडे थेट ईमेलचा पासवर्ड मागत. त्यावर उतारा म्हणून २००७ मध्ये ओऑथ आले : पासवर्डऐवजी मर्यादित अधिकाराचे टोकन, आणि प्रत्येक विनंतीवर गणिती सही. सही करायला गुपित लागते. ब्राउझरमधला कोड तर सर्वांना वाचता येतो. ऑक्टोबर २०१२ च्या ओऑथ २.० ने सहीची सक्ती सोडली आणि 'बेअरर' टोकन पुढे केले. बेअरर म्हणजे धारक. नोटेवर धारकाला रक्कम देण्याचे वचन असते, नोट कोणाच्या खिशातून आली हे विचारले जात नाही, तसेच हे. प्रमुख लेखक एरन हॅमर यांनी जुलै २०१२ मध्येच राजीनामा देऊन मसुद्यावरून आपले नाव काढून घेतले होते. त्यांचा संताप अनाठायी नव्हता, पण सोपेपणा जिंकला. आता जावास्क्रिप्टमध्ये 'बेअरर' हा शब्द, एक मोकळी जागा आणि टोकन एवढे लिहिले की काम होते.

ब्राउझरांनी एक चौकी मात्र बसवली. जानेवारी २०१४ मध्ये डब्ल्यूथ्रीसीची अधिकृत शिफारस झालेल्या 'कॉर्स' नियमांनुसार, स्क्रिप्टने हे हेडर लावून दुसऱ्या ठिकाणच्या सर्व्हरला हाक मारली की ब्राउझर आधी 'ऑप्शन्स' ही चौकशीची विनंती पाठवतो. सर्व्हरने होकार दिला तरच खरी विनंती सुटते. नवशिक्या प्रोग्रामरांना रडवणारी ती लाल त्रुटी बहुधा इथलीच.

ही चौकी बाहेरच्या दारावर आहे. टोकन घरात कुठे ठेवायचे, हे ती सांगत नाही. अनेकांनी ते लोकलस्टोरेजमध्ये ठेवले. तेथून ते पानावरची कोणतीही स्क्रिप्ट वाचू शकते, जाहिरातीची किंवा उसन्या लायब्ररीचीसुद्धा. ओऑथ २.० मधील 'इम्प्लिसिट' पद्धत तर टोकन थेट पत्त्याच्या ओळीतून ब्राउझरला देई. जानेवारी २०२५ च्या आरएफसी ९७०० ने ती वापरू नये असे बजावले. आज कित्येक संघ टोकन सर्व्हरवरच ठेवतात आणि ब्राउझरला देतात ती स्क्रिप्टला न दिसणारी एक कुकी. माँटुलींचीच, १९९४ ची.