नमुना सातपासून सेटअपपर्यंत

मुंबई बंदराच्या दक्षिणेस, करंजासमोर खाडीच्या पलीकडच्या काठावर वसलेले रेवस हे गाव बहुतेक मराठी वाचकांना ठाऊक असते ते १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून तिकडे निघालेल्या आणि वाटेतच बुडालेल्या 'रामदास' बोटीमुळे. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र त्या गावच्या खातेदारास अलिबागच्या तहसील कचेरीतून मिळणाऱ्या सातबाऱ्याच्या उताऱ्याशी निगडित आहे. तो उतारा छापणारी संगणकीय आज्ञावली एके ठिकाणी सिद्ध करून, तिच्यासंबंधीचे सर्व प्रश्न आधीच सोडवून, शेकडो कचेऱ्यांतील यंत्रांवर एकाच स्वरूपात बसविण्याची जी विद्या आहे, तिला पॅकेज बनविणे असे रूक्ष नाव पडले आहे. ही विद्या परदेशातून आली असे सामान्यतः मानले जाते. माझ्या मते तिचे यंत्र तेवढे परके आहे. तिची रीत आमच्या मुलकी खात्याला संगणकाच्या शतकभर आधीपासून अवगत होती.

गोल्डस्मिड, विंगेट आणि डेव्हिडसन यांच्या १८४७ च्या संयुक्त अहवालाने मुंबई इलाख्यातील मोजणी व जमाबंदी यांस एकच पद्धत घालून दिली. १९०३ च्या कायद्याने हक्कनोंदणी आली. आणि पुढे अँडरसनच्या ज्या मॅन्युअलचा हवाला जुने अव्वल कारकून अजूनही देतात, त्यात गावच्या दप्तराचे एकवीस नमुने निश्चित झाले. सहावा नमुना फेरफारांचा, सातवा अधिकार अभिलेखाचा, आठ-अ खात्याचा, बारावा पिकांचा. रकाना कोणता, तो कोठे आणि त्यात काय भरावयाचे, हे तलाठ्यास कोणी विचारीत नसे. हुकूम वरून सुटे आणि कोरे नमुने छापून येत. तथापि ही व्यवस्था करणाऱ्यांनी एक शहाणपण दाखविले होते. सातव्या नमुन्यात 'इतर हक्क' असा एक रकाना त्यांनी राखून ठेवला, आणि छापील चौकटीत न मावणारे स्थानिक वास्तव त्या रकान्यातून दप्तरात शिरू लागले. अलिबाग तालुक्यास त्याचे मोल विशेष ठाऊक असावे. याच तालुक्यात चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून सहा वर्षे कुळांनी खोतांची जमीन कसण्यास नकार दिला होता, आणि कसणाऱ्याचे नाव दप्तरात नसणे म्हणजे काय, हे तेथील माणसांनी उपाशी राहून जाणले होते.

भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणाचा पहिला प्रयोग १९८८-८९ मध्ये देशातील आठ जिल्ह्यांत झाला. महाराष्ट्रातून त्यासाठी वर्धा जिल्हा निवडला गेला. त्याच सुमारास पुण्यास स्थापन झालेल्या सी-डॅकने देवनागरी अक्षरे पडद्यावर आणणारे 'जिस्ट' कार्ड प्रचारात आणले आणि १९९१ मध्ये भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' हे प्रमाण ठरले. तरीही नव्वदीच्या दशकात कचेरीतील यंत्रावर आज्ञावली बसविणे हे हातकाम होते. माणूस फ्लॉप्यांचा गठ्ठा घेऊन बसे (एकट्या विंडोज ९५ च्याच तेरा असत), एक आत घाली, दुसरी काढी, आणि यंत्र मध्येच थांबून विचारी: कोणत्या डिरेक्टरीत ठेवू? प्रिंटर कोणता? फॉन्ट कोठे आहे? प्रत्येक यंत्रावर प्रत्येक माणूस त्या प्रश्नांची वेगळी उत्तरे देई. त्याचा परिणाम असा, की शेजारच्या दोन टेबलांवरील दोन यंत्रांचे जमत नसे. एकावर टंकलेला 'पाटील' दुसऱ्यावर, तेथे तो फॉन्ट नसल्यामुळे, रोमन अक्षरांचा व चिन्हांचा निरर्थक पुंजका होऊन उमटे. एकवीस नमुने एकसारखे ठेवणाऱ्या खात्यास ही अराजकता किती बोचली असेल, याची कल्पना करणे कठीण नाही.

तिकडे परदेशात याच व्याधीवर औषध शोधले जात होते. मायक्रोसॉफ्टचा सिस्टिम्स मॅनेजमेंट सर्व्हर १९९४ मध्ये आला. मुक्त प्रणालींच्या जगात डेबियनने त्याच सुमारास आपली पॅकेजांची व्यवस्था उभी केली. आणि १९९९ मध्ये ऑफिस २००० बरोबर विंडोज इन्स्टॉलर अवतरला. यातील मर्माची गोष्ट अशी, की निर्मात्याने दिलेले मूळ पॅकेज जसेच्या तसे राहू द्यावयाचे आणि आपल्या कचेरीची उत्तरे एका निराळ्या ट्रान्सफॉर्म फाइलमध्ये लिहावयाची. बसविताना दोन्ही एकत्र येतात, पडद्यावर एकही प्रश्न उमटत नाही, आणि कारकुनास पत्ता लागण्यापूर्वी काम उरकते. पुढच्याच वर्षी विंडोज २००० मधील ग्रुप पॉलिसीमुळे अशी पॅकेजे मध्यवर्ती सर्व्हरवरून साऱ्या नेटवर्कवर ढकलता येऊ लागली. छापील नमुना आणि त्यातील 'इतर हक्क' यांचे हे नवे रूप ज्यास दिसत नाही, त्याने मुलकी दप्तर जवळून पाहिलेले नाही, असेच म्हणावे लागेल.

दोषही वारशाने आला. पूर्वी एका तलाठ्याची चूक एका साझ्यात राही. पॅकेजातील चूक एका रात्रीत सर्व कचेऱ्यांत पोहोचते, आणि ती करणारा दूरच्या शहरात असल्यामुळे उताऱ्यासाठी खिडकीपाशी उभ्या असलेल्या माणसाचा राग नाहक कारकुनावर निघतो. म्हणूनच जाणकार माणूस पॅकेज आधी दोन-चार यंत्रांवर चालवून पाहतो आणि मगच सर्वत्र सोडतो. फेरफार ऑनलाइन नोंदविणारी ई-फेरफार प्रणाली आल्यावर पुष्कळशी आज्ञावली मध्यवर्ती सर्व्हरवर गेली, १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा घरबसल्या मिळू लागला; परंतु तलाठ्याच्या लॅपटॉपवर स्वाक्षरीच्या टोकनचा ड्रायव्हर आणि युनिकोडचा कळफलक बसवावा लागतोच, आणि तो न बसल्यास फेरफार अडतो तो अडतोच.

मोजणीचे जुने नकाशे आणि फेरफाराच्या वह्या आपण अभिलेख कक्षात जतन करतो, परंतु ज्या फ्लॉप्यांवरून व सीडींवरून हे दप्तर यंत्रात उतरले, त्या रद्दीत जाण्याच्या वाटेवर आहेत. कायम जपावयाच्या 'अ' यादीत त्यांचा निदान एक संच, सोबतच्या परिपत्रकांसह, प्रत्येक जिल्ह्याने दाखल करून घ्यावा, आणि त्याचा आरंभ अलिबागने करावा, अशी माझी सूचना आहे.