तळटीप १४ : ऑक्लूजन
१४. ऑक्लूजन : लॅटिन ‘ऑक्लूडेरे’, म्हणजे बंद करणे, यावरून. वैद्यकात गुठळीने किंवा चरबीच्या थराने रक्तवाहिनी बंद होणे. दंतवैद्यकात मात्र तोंड मिटल्यावर वरचे-खालचे दात एकमेकांवर टेकण्याची ठेवण. हवामानशास्त्रात ही संज्ञा पहिल्या महायुद्धानंतर नॉर्वेतील बर्गन येथे, स्वीडिश अभ्यासक टोर बेर्गेरोन यांच्या निरीक्षणांवरून रूढ झाली. वादळातली थंड आघाडी वेगाने येऊन पुढच्या उबदार आघाडीला गाठते, मधली उबदार हवा जमीन सोडून वर उचलली जाते, आणि वादळाचा जोर पुढे सहसा ओसरू लागतो. आपल्याकडच्या पावसाळी कमी दाबाच्या क्षेत्रांत अशा आघाड्या नसतात. या उताऱ्यात डॉक्टर हवेचा नकाशा वाचत आहेत, रुग्णाचा अहवाल नव्हे. ‘अवरोध’ लिहिल्यास गैरसमज झाला असता, म्हणून मूळ शब्द ठेवला आहे. — संपा.